सरकारी जागेत तुम्ही आलात कसे, सगळी केस तिथूनच सुरू होते

सरकारी जागेच्या भांडणात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "आम्ही इथे चाळीस वर्षं राहतोय". त्याच्या खालोखाल "लाईटबिल आमच्या नावावर आहे, घरपट्टी भरतो". दोन्ही वाक्यं खरी असतात, माणूस खोटं बोलत नसतो, पण कोर्टात त्यांचा अर्थ त्याला वाटतो तसा होत नाही आणि हे त्याला कळतं तेव्हा नोटीसची मुदत संपत आलेली असते. म्हणून हा विषय जरा सविस्तर लिहितोय, महाराष्ट्रापुरता आणि जमेल तितक्या साध्या शब्दांत.

कोर्ट पहिला प्रश्न किती वर्षं राहताय हा विचारत नाही, तुम्ही त्या जागेत आलात कसे हा विचारतं. कोणालाही न विचारता पत्रे ठोकले असतील तर ते अतिक्रमण. परवानगी घेऊन, फी भरून जागा वापरताय पण जागेवर तुमचा असा हक्क तयार झालेला नाही, तर ते लायसन्स. आणि ठराविक मुदतीसाठी, भाडं ठरवून, जागेचा ताबाच तुमच्याकडे दिलाय तर ते लीज, म्हणजे भाडेपट्टा. चौथा प्रकार लोकांच्या लक्षातच येत नाही, तो म्हणजे आलात परवानगीने पण परवानगी संपल्यावरही बसून राहिलात. कायद्याच्या भाषेत हासुद्धा अनधिकृत ताबाच आहे. रिटायर झालेला कर्मचारी क्वार्टर सोडत नाही, मुदत संपलेला गाळेधारक गाळा सोडत नाही, हे आणि फुटपाथवरची टपरी एकाच शब्दाखाली येतात, फक्त त्यांना काढायचे रस्ते वेगवेगळे आहेत.

आता वर्षांचं बघू, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे. बारा वर्षं ताबा असला की जागा आपली होते असं गावोगाव बोललं जातं. खाजगी मालकाच्या बाबतीत १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात बारा वर्षांची मुदत आहे हे बरोबर, पण सरकारने दावा करायचा असेल तर ती मुदत तीस वर्षं आहे. आणि नुसता वेळ जाऊन भागत नाही. ताबा उघड हवा, सलग हवा आणि मुख्य म्हणजे मालकाच्या विरोधात हवा, म्हणजे "ही जागा तुमची नाही, माझी आहे" अशा भूमिकेतून हवा. ज्याला प्रतिकूल ताबा म्हणतात तो हाच. भाडेकरू, लायसन्सवाला, नोकर, नातेवाईक म्हणून राहणारा ह्यांचा ताबा परवानगीचा असतो, तो पन्नास वर्षं झाली म्हणून आपोआप विरोधातला होत नाही.

इथे एक अडचण आहे जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि नेमकी ती कोणी नीट सांगत नाही. तलाठ्याकडे गाव नमुना १-ई असतो, त्यात सरकारी जमिनीवरच्या अतिक्रमणांची नोंद ठेवतात, कोण, किती क्षेत्र, कधीपासून, दंड किती. बऱ्याच लोकांनी वर्षानुवर्षं तो दंड भरलेला असतो आणि पावत्या जपून ठेवलेल्या असतात. ह्या पावत्यांनी तुम्ही अमुक सालापासून तिथे आहात हे फार चांगलं सिद्ध होतं. पण त्याच पावतीवर तुम्ही हेही मान्य केलेलं असतं की जमीन सरकारची आहे आणि मी अतिक्रमण केलंय. मग मालकीचा दावा लावलात की सरकारी वकील तीच पावती पुढे करतो आणि प्रतिकूल ताब्याचा मुद्दा तिथेच लंगडा पडतो. उलट तुम्ही मालकी न मागता "माझं अतिक्रमण नियमानुकूल (म्हणजे नियमित) करा" असा अर्ज केला असेल तर तीच पावती तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा होते. म्हणजे कागद एकच, पण तुम्ही काय मागताय त्यावर तो तारतो किंवा बुडवतो. एका अर्जात "मी मालक आहे" आणि दुसऱ्या अर्जात "माझं अतिक्रमण नियमित करा" असं लिहिलेल्या फायली असतात, त्या दोन्हीकडे हरतात, आणि वाईट वाटतं कारण आधी एक रस्ता ठरवला असता तर निदान लढता तरी आलं असतं.

सुप्रीम कोर्टाने २०१९ साली रविंदर कौर ग्रेवाल केसमध्ये सांगितलं की प्रतिकूल ताब्याच्या आधारावर स्वतःहून दावाही लावता येतो, तो फक्त बचावाचा मुद्दा नाही. ही अर्धी बातमी सगळीकडे पोहोचली. त्याच निकालात सार्वजनिक वापरासाठी ठेवलेल्या जमिनीवर असे हक्क तयार होऊ नयेत असंही कोर्टाने म्हटलंय, ते मात्र फारसं कोणी वाचलेलं नसतं. गायरान, रस्ता, तळं, शाळेचं मैदान अशा जागेवर प्रतिकूल ताबा सांगणं म्हणूनच खूप अवघड आहे.

सरकारला मात्र उलट दिशेने हे चालत नाही. हिमाचल प्रदेशातल्या एका निरक्षर विधवेची जमीन १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी घेतली, भरपाई दिलीच नाही, आणि पुढे कोर्टात राज्य सरकारने आमचा इतक्या वर्षांचा प्रतिकूल ताबा आहे असा बचाव घेतला. जानेवारी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने तो साफ फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली, कारण कल्याणकारी राज्य स्वतःच्याच नागरिकाची जमीन अशा वाटेने घेऊ शकत नाही. तुमच्या शेतातून कोणी न विचारता रस्ता नेला असेल तर हा निकाल लक्षात ठेवा.

गायरानाकडे वळू. ग्रामीण महाराष्ट्रात सगळ्यात जास्त लोक ह्यात अडकलेत. २०११ च्या जानेवारीत जगपाल सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना सांगितलं की गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायची योजना करा, खूप वर्षं झाली किंवा बांधकामावर खूप खर्च झाला ही कारणं ऐकू नका. त्यावरून आपल्याकडे १२ जुलै २०११ चा जीआर आला. पण त्या निकालातच अपवाद आहेत. भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमातीचे लोक ह्यांना सरकारी आदेशाने पट्टे दिले असतील, किंवा जागेवर आधीच शाळा, दवाखाना अशी सार्वजनिक सोय असेल, तर नियमित करण्याचा विचार होऊ शकतो. महाराष्ट्रात तर त्याच्या कितीतरी आधी, २८ नोव्हेंबर १९९१ च्या जीआरने, भूमिहीन मागासवर्गीयांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं होतं. दादासाहेब गायकवाडांच्या काळापासून भूमिहीनांनी केलेल्या सत्याग्रहांचा त्यामागे मोठा इतिहास आहे. ज्या कुटुंबांनी तेव्हा अर्ज केले आणि ज्यांचे अर्ज अजून तहसीलमध्येच पडून आहेत त्यांना, आणि गेल्या पाच वर्षांत रस्त्याकडेची मोक्याची जागा बघून हॉटेल टाकणाऱ्याला, एकाच मापाने मोजणं चूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि कायदाही तो फरक करतो, फक्त फरक दाखवणारा कागद तुम्हाला पुढे ठेवावा लागतो.

नियमानुकूल करणं हा हक्क नाही हेही समजून घ्या. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ५० ने कलेक्टरला अतिक्रमण काढायचा अधिकार दिलाय आणि कलम ५१ ने योग्य वाटल्यास ते नियमित करायचा. अर्ज करता येतो, अर्जावर निर्णय द्या असं हायकोर्टात जाऊन मागता येतं, पण "नियमित कराच" असा हुकूम सहसा मिळत नाही.

निवडणुकीला उभं राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४ प्रमाणे सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण केलेला माणूस सदस्य राहू शकत नाही. अतिक्रमण सासऱ्याने केलंय, मी फक्त राहते, असा बचाव पूर्वी चालून जायचा. २०१८ साली जनाबाई केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की त्या अतिक्रमणाच्या जागेत राहून त्याचा फायदा घेणारा घरातला माणूसही अपात्र होतो.

बरं, मग मालकी नाही म्हटल्यावर सरकारने कधीही यावं आणि जेसीबी लावावा का? नाही. लोक दोन प्रश्नांची गल्लत करतात, एक म्हणजे काढता येईल का आणि दुसरा म्हणजे काढायचं कसं. पहिल्याचं उत्तर तुमच्या विरोधात असलं तरी दुसऱ्यात तुम्हाला हक्क आहेत. १९६१ च्या बिशन दास केसपासून सुप्रीम कोर्ट हेच सांगत आलंय, सरकारी जमिनीवर कोणाचा ताबा आहे म्हणून सरकार नुसत्या ऑफिसच्या आदेशाने त्याला बाहेर फेकू शकत नाही, कायद्याने जो रस्ता दिलाय त्यानेच जावं लागतं. लीज संपलेल्या भाडेकरूलाही जबरदस्तीने काढता येत नाही.

मुंबईची ओल्गा टेलिस केस सगळ्यांनी नावाने ऐकलीय. १९८१ च्या पावसाळ्यात फुटपाथवर आणि झोपड्यांत राहणाऱ्यांना हाकलायची मोहीम निघाली, त्यावर पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर कोर्टात गेले, आणि १९८५ साली पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. लोक सांगतात की झोपडीवाले जिंकले, ते पूर्ण खरं नाही. कोर्टाने म्हटलं की जगण्याच्या हक्कात रोजीरोटीचा हक्क येतो, हे फार मोठं होतं. मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३१४ मध्ये नोटीस न देता काढता येतं असं लिहिलेलं असलं तरी एरवी नोटीस देऊन म्हणणं ऐकूनच घेतलं पाहिजे असंही सांगितलं. पण फुटपाथ हा चालण्यासाठी आहे, तिथे कायम राहायचा हक्क कोणाला नाही हेही सांगितलं. हातात आलं काय, तर पावसाळा संपेपर्यंत मुदत आणि १९७६ च्या गणनेत मोजलेल्यांना पर्यायी जागा. चाळीस वर्षं झाली, पण अशा केसेसमध्ये अजूनही ढोबळमानाने हेच मिळतं, थोडा वेळ, सुनावणी आणि पात्र असाल तर पुनर्वसन.

१३ नोव्हेंबर २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा बुलडोझरवरचा निकाल, म्हणजे आरोपींची घरं परस्पर पाडण्याबद्दलचा, तोही अर्धाच सांगितला जातो. पंधरा दिवसांची नोटीस, सुनावणी, कारणं देऊन आदेश, व्हिडिओ शूटिंग हे सगळं त्यात आहे. पण रस्ता, फुटपाथ, रेल्वे लाईनच्या शेजारची जागा, नदी-तलाव ह्यांवरच्या अनधिकृत बांधकामाला तो लागू नाही असं कोर्टाने त्यातच लिहिलंय. त्यामुळे रस्त्यावरच्या बांधकामासाठी ह्या निकालावर भिस्त ठेवू नका. फेरीवाल्यांचं वेगळं आहे, त्यांच्यासाठी २०१४ चा फेरीवाला कायदा आहे, सर्व्हे होऊन सर्टिफिकेट मिळेपर्यंत त्यांना हटवता येत नाही असं त्यात स्पष्ट लिहिलंय.

आणि समजा जागा सरकारची आहे की तुमची हाच खरा वाद असेल तर? हद्द कुठली, जुना इनाम कोणाचा, भूसंपादन झालं होतं का, असे गुंतागुंतीचे प्रश्न असतील तर? १९८२ च्या थुम्माला कृष्णा राव केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की मालकीचा असा खरा, प्रामाणिक वाद असेल तर सरकारने झटपट बेदखल करण्याचा रस्ता वापरायचा नाही, दिवाणी कोर्टात दावा लावून तिथे सिद्ध करायचं. हा निकाल आजही खूप कामाचा आहे. पण वाद खरा हवा, नोटीस आल्यावर रात्रीतून तयार केलेला नको. आपल्याकडे जमीन महसूल संहितेच्या कलम २० खाली कलेक्टर मालकीबद्दल चौकशी करून आदेश देऊ शकतो, आणि तो आदेश मान्य नसेल तर एका वर्षाच्या आत दिवाणी दावा लावावा लागतो. हे एक वर्ष चुकलं की पुढे फार अवघड होतं.

आता भाडेकरूंचा भाग. मुंबई-पुण्यात भाडेकरूला कोणी काढू शकत नाही ही समजूत जुन्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे पक्की बसलीय. १९४७ चा बॉम्बे रेंट ॲक्ट आणि त्याच्या जागी ३१ मार्च २००० पासून आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, हे खाजगी घरमालकाच्या भाडेकरूला संरक्षण देतात. सरकारच्या किंवा महापालिका, झेडपी, ग्रामपंचायतीच्या मालकीच्या जागेला हा कायदा लागूच नाही, कलम ३ वाचा. म्हणजे पालिकेच्या गाळ्यात बसलेला माणूस आणि समोरच्या खाजगी बिल्डिंगमधला पागडीचा भाडेकरू सारखंच भाडं भरत असले तरी कायद्याने ते दोन वेगळ्या जगात आहेत.

केंद्र सरकार, एलआयसी, राष्ट्रीयीकृत बँका, बंदर प्राधिकरणं (पूर्वीचे पोर्ट ट्रस्ट), सरकारी कंपन्या ह्यांच्या जागांसाठी १९७१ चा पब्लिक प्रिमायसेस कायदा आहे. त्यात कोर्टाऐवजी इस्टेट ऑफिसर सुनावणी घेतो, आणि तो त्याच संस्थेचा अधिकारी असतो, हे अनेकांना खटकतं, मलाही खटकतं, पण कायदा वैध आहे. १९९० साली अशोका मार्केटिंग केसमध्ये पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की हा कायदा आणि भाडे नियंत्रण कायदा आमनेसामने आले तर हा वरचढ. मग २०१४ मध्ये सुहास पोफळे केसमध्ये दोन न्यायमूर्तींनी जुन्या भाडेकरूंना थोडं संरक्षण दिलं, म्हणजे जागा सरकारी संस्थेकडे येण्याच्या आधीपासून जे भाडेकरू होते त्यांना. पुढे तो निकाल बरोबर का हा प्रश्नच मोठ्या खंडपीठाकडे गेला, त्यामुळे नुसत्या २०१४ च्या निकालावर विसंबून कोणी सल्ला देत असेल तर त्यानंतर काय झालं ते त्याला आधी विचारा.

महापालिकांच्या जागांसाठी त्यांच्या कायद्यातच असे अधिकार आहेत, मुंबईत कलम १०५-ब, बाकी महापालिकांत कलम ८१-ब. गाळेधारकांची नेहमीची तक्रार अशी की लीज संपली तरी पालिका पैसे घेत राहिली, मग ती चालूच आहे ना? पैसे घेतले म्हणून नवीन लीज झाली असं आपोआप होत नाही. पावतीवर "भाडं" लिहिलंय की "नुकसानभरपाई" ते बघा, ठराव झाला का बघा. एक वर्षाच्या वरची लीज रजिस्टर करावी लागते हेही बघा. आणि अनधिकृत ठरलात तर त्या काळाची भरपाई बाजारभावाने लागते, जुन्या भाड्याने नाही, काही गाळेधारकांना गाळा जाण्यापेक्षा ही थकबाकीच जास्त जड जाते.

करारावर लायसन्स लिहिलंय की लीज ह्यावर सगळं ठरत नाही, कोर्ट प्रत्यक्ष व्यवहार बघतं. १९५९ च्या असोसिएटेड हॉटेल्स केसमध्ये दिल्लीतल्या एका हॉटेलात केशकर्तनालयासाठी दिलेल्या खोल्या होत्या, कागदावर लायसन्स लिहिलेलं होतं, पण जागेचा पूर्ण ताबा त्या माणसाकडेच होता म्हणून कोर्टाने ती लीज ठरवली.

शेतीत लोक "आम्ही कूळ आहोत" म्हणतात. १ एप्रिल १९५७, कृषकदिन, त्या दिवशी पश्चिम महाराष्ट्रात कसणारा मालक मानला गेला. विदर्भ आणि मराठवाड्याला वेगळे कायदे आहेत. पण सरकारी जमिनीवर किंवा सरकारकडून पट्ट्याने घेतलेल्या जमिनीवर कुळकायद्याचे हे हक्क मिळत नाहीत, कलम ८८ ने तिला वगळलंय. एकसाली पट्ट्यावर वीस वर्षं कसली तरी तो दरवर्षीचा एकसालीच. वनजमिनीचं मात्र निराळं, तिथे २००६ चा वनहक्क कायदा आहे, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा असेल तर चार हेक्टरपर्यंत हक्क मागता येतो, आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्यांचं वास्तव्य दाखवावं लागतं, आणि दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणाला काढता येत नाही.

शहरात एक व्यवहार रोज होतो आणि त्यात गरिबाची आयुष्यभराची कमाई जाते, तो म्हणजे नोटरी केलेल्या स्टँपपेपरवर झोपडी विकत घेणं. विकणाऱ्याकडे मालकी नसते, तर तो तुम्हाला काय देणार, फक्त ताबा देतो. कागदावर नोटरीचा शिक्का असतो, पण रजिस्ट्रेशन नसतं. पुढे एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजना, येते तेव्हा परिशिष्ट-२ मध्ये, म्हणजे झोपडीधारकांच्या पात्रतेच्या यादीत, नाव कोणाचं ते बघतात, १ जानेवारी २००० पूर्वीची झोपडी असेल तर मोफत घर, त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतची असेल तर पैसे भरून, आणि त्यानंतरची असेल तर काहीच नाही. घेण्याआधी फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र) आणि जुन्या मतदारयादीतलं नाव बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

नोटीस हातात आली तर आधी ती कुठल्या कायद्याखाली, कुठल्या कलमाखाली आहे ते वाचा, कारण उत्तर कोणाला द्यायचं, अपील कुठे, मुदत किती हे सगळं त्यावर आहे. पब्लिक प्रिमायसेस कायद्यात आदेशानंतर जिल्हा न्यायाधीशांकडे अपील करायला फक्त बारा दिवस मिळतात. महसूल संहितेत तहसीलदाराच्या आदेशावर प्रांताकडे साठ दिवस. नोटीस घ्यायला नकार देऊ नका, तरी ती बजावलीच गेली असं धरतात. उत्तर लेखीच द्या आणि पोच घ्या. हद्दीचा वाद असेल तर त्या उत्तरातच सरकारी मोजणी मागा, नंतर मागितली तर वेळकाढूपणा समजला जातो. सरकारविरुद्ध दिवाणी दावा लावायचा तर आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते, तातडी असेल तर कोर्टाची परवानगी घेऊन लगेच लावता येतो. आणि मनाईहुकूम मागताना लक्षात ठेवा, खाजगी माणसाने जबरदस्तीने बाहेर काढलं तर सहा महिन्यांत स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम ६ चा झटपट दावा करून ताबा परत मिळवता येतो, पण तोच दावा सरकारविरुद्ध करता येत नाही, म्हणून सरकारी जागेच्या बाबतीत जे काही करायचं ते ताबा जाण्याच्या आधीच करावं लागतं. नुसतं अपील दाखल केलं म्हणून कारवाई थांबत नाही, स्टेचा अर्ज वेगळा असतो, तो अपीलासोबत त्याच दिवशी द्या, आणि स्टे मिळाला तर त्याची सही-शिक्क्याची प्रत त्याच संध्याकाळी संबंधित अधिकाऱ्याच्या आवक टेबलावर नोंदवून या.